आज पापड घालू नका

६ मार्च २०१३, बुधवार

रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी सारी नोकरी दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. मधात आपण तोंड घालायची सोय नव्हती. रिटायर झाली तेव्हाच ठरवलं होतं, आता कोणी बोलायले सांगितलं तर नाही म्हणायचं नाही. आज सांगितलं.

रायपूरले लागून असलेल्या बीरगावात एका संस्थेनं रेडिओ काढला आहे. परछी रेडिओ नाव. परछी म्हणजे इकडच्या बोलीत घराची ओसरी. दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या, भिंतींले फोमच्या गाद्या लावलेल्या, पंखा बोलायच्या वेळेले बंद करायचा. आवाज इकडे आमच्या भनपुरीपर्यंत येते, त्याच्यापुढं नुसती खरखर. सगळा कारभार देवयानी नावाची पोट्टी पाहते. मूळची यवतमाळची, पण मी मराठीत बोलली की हिंदीत उत्तर देते. म्हणाली, "काकू, आप इतना बढ़िया बोलती हो, पापड़-बड़ी पे प्रोग्राम कर लो. वॉलंटियर में." वॉलंटियर म्हणजे फुकट, एवढं मले कळते. मी हो म्हटलं.

घरी आमच्या ह्यांले सांगितलं. वर्कशॉपमध्ये वॅगन ठोकता ठोकता ह्यांचे कान अर्धे गेले, त्याच्यामुळं जगात कोणालेच ऐकू येत नाही असं ह्यांले वाटते. म्हणाले, "ऐकणार कोण?" मी म्हटलं, तुम्ही नका ऐकू. पाहते मी.

१५ मार्च

कार्यक्रमात माझ्या जोडीले कलावती आहे. मी हिंदीत सांगते, ती छत्तीसगढीत. बीरगावातच तालाबपाऱ्यात राहते; पारा म्हणजे इकडं मोहल्ला. आज कार्यक्रमाच्या आधी तिच्या घरी गेली होती. सकाळी तिनं गच्चीवर उडदाचे पापड घातले होते. आम्ही वर गेलो तर पापडांवर काळी धूळ. बोटानं चोळली तर बोट काजळ घातल्यासारखं झालं. कलावतीनं एकेक पापड उचलला, फडक्यानं झटकला अन् डब्यात भरला.

मी म्हटलं, "काहून भरून राहिली? फेक ते."

ती हसली. "फेंक देबो त खाबो का, दीदी?"

फेकलं तर खायचं काय? रोजचंच आहे म्हणते. झटकलं की दिसत नाही अन् तळलं की कळत नाही. तिच्या गच्चीवरून कारखान्याची धुराची चिमणी समोरच दिसते. वारा जिकडं जाईल तिकडच्या गच्च्या काळ्या.

मले असा संताप आला की चहा न पिताच उठली. कार्यक्रम लाईव्ह होता. डाळीच्या बड्या कशा घालायच्या ते सांगायचं होतं, ते राहिलं बाजूले. मी सांगून टाकलं, "बहनों, आज हवा बीरगांव की तरफ है. तालाबपारा वाले आज पापड़ मत डालना. भनपुरी वाले डाल लो." काचेच्या पलीकडं देवयानीनं डोळे मोठे केले, पण थांबवलं नाही.

इथं खरं लिहायले काय हरकत आहे. ती चिमणी ज्या कंपनीची, त्याच कंपनीच्या शंकर नगरच्या ऑफिसात माझा सुशील नोकरीले आहे. तोंड उघडताना ते मले आठवलं होतं. तरी उघडलं.

२३ मार्च

आता रोज अंदाज द्यावा लागते. बाया फोन करून करून देवयानीचं डोकं खाऊन राहिल्या. "दीदी, हमारी छत काली हो गई." "दीदी, आज बिजौरी डाल दें क्या?" बिजौरी म्हणजे इकडचं तिळाचं वाळवण. मी अन् कलावती आधी फोनवर पाऱ्या-पाऱ्यांतून विचारून घेतो, मग सांगतो आज कुठं वाळवण घालायचं अन् कुठं नाही. काल एका ट्रक ड्रायव्हरनं विचारलं, चादर धुतली आहे, कुठं वाळवू? त्याले पण सांगितलं. मले लई मजा येऊन राहिली, हे कबूल करते.

हे आज सकाळी म्हणाले, "आपल्याकडं आज वारा बरा आहे नं, घालून टाक कुरडया." मी विचारलं, तुम्हाले कसं माहीत? म्हणाले, शेजाऱ्यांचा रेडिओ मोठा लागते. शेजारी तर परवाच गोंदियाले गेले. यांचं काही खरं नाही.

संध्याकाळी सुशीलचा फोन. त्याचं काम म्हणजे कंपनीतर्फे बाहेरच्या लोकांशी गोड बोलायचं. शाळेले पंखे दे, तलावाजवळ झाडं लाव, फोटो काढ. माझ्याशी मात्र गोड बोलला नाही. "आई, साहेबांपर्यंत गेलं हे. मलेच विचारून राहिले, ही बाई कोण."

"मग काय सांगितलं?"

"काही नाही सांगितलं."

मी म्हटलं, आईचं नाव सांगायची लाज वाटते तर नको सांगू. त्यानं फोन ठेवला.

३० मार्च

होळी झाली, अन् शिमगा आज झाला. संस्थेची बैठक होती. कोणीतरी वर तक्रार केली की हे लोक बातम्या देतात. आमच्यासारख्या छोट्या रेडिओले स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, असा नियम आहे म्हणते. लायसन्स जाऊ शकते.

मी विचारलं, "पापड घालू नका, ही बातमी कशी?"

एक मेंबर म्हणाले, "मैडम, चिमनी का ज़िक्र आता है."

"मी चिमणीचं नाव एकदाही घेतलं नाही. मी वाऱ्याचं घेतलं. वारा तुमच्या नियमात बसते की नाही?"

देवयानी खाली पाहून हसली ते मले दिसलं. पण निर्णय लागला तो लागलाच. आतापासून आधी रेकॉर्डिंग, मग देवयानीनं ऐकायचं, मग लावायचं. अंदाज बंद. फक्त रेसिपी.

घरी येऊन मी भांडी इतकी आपटली की ह्यांले सुद्धा ऐकू आली.

४ एप्रिल

रेसिपी म्हणतात नं, घ्या रेसिपी. आज रेकॉर्ड केली. "तालाबपारा स्पेशल पापड़. सामग्री लिख लीजिए. उड़द दाल एक किलो, पापड़खार, काली मिर्च, हींग, नमक. छत पर डालिए. ऊपर से काली धूल अपने आप पड़ जाएगी, उसे अलग से लेने की ज़रूरत नहीं. स्वादानुसार झटकिए." कलावतीले हसू आवरेना, तिनं पदर तोंडात कोंबला.

देवयानीनं हेडफोन लावून सगळं ऐकलं. मी कमरेवर हात ठेवून उभी होती, भांडायची पूर्ण तयारी. ती म्हणाली, "रेसिपी ही तो है, काकू," अन् लावून दिली.

११ एप्रिल, गुढीपाडवा

सुशील अन् स्नेहल जेवायले आले. स्नेहलले पाचवा महिना आहे, चेहरा भरून आला आहे तिचा. मी ठरवलं होतं आज विषय काढायचा नाही. विषय सुशीलनंच काढला, पहिल्याच पुरीले.

रेडिओचा ट्रान्समीटर मरायले टेकला आहे, हे तर आम्हाले माहीतच आहे. दोनदा बंद पडला. सुशील म्हणाला, कंपनी नवा देणार आहे. अट एकच, माझा कार्यक्रम गच्चीवरून खाली स्वयंपाकघरात आणायचा. लोणची, सरबतं, केक.

मी म्हटलं, "तुझ्या साहेबाले सांग, केक वाळत घालत नाहीत म्हणून त्याले आवडते."

"आई, मस्करी नको करू. माझी नोकरी आहे ही. आता तर..." त्यानं स्नेहलकडं पाहिलं. ती बिचारी ताटात बोट फिरवून राहिली होती.

"नोकरी तुझी आहे, गच्ची कलावतीची आहे," मी म्हटलं. आवाज चढला माझा, सणाच्या दिवशी. हे ताटावरून उठून गेले. सुशील पण उठला अन् गच्चीवर गेला, फोन करायले गेला असेल. बराच वेळ आलाच नाही. आला तो सरळ नळावर. साबण लावून लावून हात धुतले त्यानं. कशाले हात लावला होता कोण जाणे. आज वारा चिमणीकडून आमच्या भनपुरीकडं होता, एवढं खरं.

जाताना स्नेहल वाळलेली साडी आणायले वर निघाली तर तिच्यावर खेकसला, "तू नको जाऊ वर." बायकोशी असं बोलते पोट्टा. मी रागवली त्याले. साडी त्यानं स्वतःच वरून आणली.

२० एप्रिल

गच्चीवरचा कार्यक्रम बंद झाला. ट्रान्समीटर गुरुवारी पुरताच बसला अन् संस्थेनं कंपनीची अट मान्य केली. देवयानी रडली. मी नाही रडली. मी म्हटलं, रेडिओ वाचला पाहिजे, बरोबर आहे तुमचं. असं म्हणून जिना उतरली अन् खाली दवाखान्याच्या बाकावर बसून राहिली.

मले इथं एक विचारायचं आहे, दुसरं कोणी विचारत नाही म्हणून. हे मी कलावतीसाठी करून राहिली होती की स्वतःचा आवाज ऐकायले? एक्स्चेंजमध्ये गप्प बसून बसून कुजलेलं काही बाहेर काढत होती का? असेल. पण मग असू दे नं. म्हणून गच्ची पांढरी होत नाही.

सुशीलची नोकरी गेली तर मी स्वतःले माफ करणार नाही, हे पण तितकंच खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असलं की काय करायचं, हे मले कळत नाही.

२ मे

सुशील आला, एकटाच, ऑफिसच्या मधल्या सुट्टीत. अक्तीच्या दिवशी, म्हणजे अक्षय तृतीयेले, नव्या ट्रान्समीटरचं उद्घाटन आहे. साहेब स्वतः येऊन रेडिओवर बोलणार.

"आई, त्या दिवशी तूच बोलव त्यांना माइकवर. मी देवयानीले सांगितलं आहे. कार्यक्रम लाईव्ह ठेवला आहे, साहेबांना लाईव्ह आवडते."

मी पाहतच राहिली. म्हटलं, माझं तोंड बंद केलं तुम्ही, अन् आता आरती ओवाळायले मीच पाहिजे?

"अन् काहीतरी घरचं खायले ठेव. इथलं. इथल्या मातीचं, असं काहीतरी बोल." चहा अर्धा टाकून गेला.

चमचेगिरीची पण हद्द असते. मी ह्यांले म्हटलं, कोणावर गेला हा पोट्टा? हे पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "विचार कर." कशाचा विचार?

१० मे

विचार केला. इथल्या मातीचं पाहिजे त्याले, देते.

कलावतीले सांगितलं, पापड घाल, पण झटकू नको. जसे वाळले तसेच डब्यात भर. ती घाबरली, मग "हव" म्हणून तयार झाली. अक्तीले ते तळून साहेबाच्या समोर ठेवायचे. लाईव्ह. त्यानं खाल्ले तर खाल्ले. नाही खाल्ले तर सगळ्या बीरगावले कळेल की नाही खाल्ले. मले एकही बातमी द्यावी लागणार नाही.

सुशीलले मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं अडवलं असतं. स्नेहलनं दुपारी फोन केला, डोहाळजेवण कधी करायचं विचारत होती. मी हूं हूं केलं. फोन ठेवला अन् मले हुंदका आला. आपल्याच लेकाच्या पानात मी माती कालवून राहिली, हे मले माहीत आहे. तरी करणार आहे.

१३ मे, अक्ती

साहेब आले. पांढरा शर्ट, हसरा माणूस, वाईट वाटत नाही पाहिला तर. ट्रान्समीटरले हार घातला, नारळ फोडला, पेढा खाल्ला. मग स्टुडिओत. टेबलाभोवती मी, साहेब अन् कलावती. सुशील साहेबांच्या खुर्चीमागं उभा. देवयानी काचेच्या पलीकडं. पंखा बंद केला, लाल दिवा लागला.

मी अक्तीच्या शुभेच्छा दिल्या. साहेब दोन मिनिटं विकासावर बोलले. मग मी फडकं काढून ताटली पुढं केली.

"सर, ये पापड़ कलावती की छत के हैं. आपके कारखाने के ठीक पीछे वाली छत. झटके नहीं हैं, जैसे सूखे वैसे ही तले हैं. खाइए, और सुनने वालों को बताइए, कैसे बने हैं."

त्यांचा हात निघाला होता. अर्ध्यात थांबला. सगळे पापड करडे, अन् पलीकडच्या काठाले एक तर तव्याच्या बुडासारखा.

"अरे वाह," म्हणाले. "पर आज अक्षय तृतीया है न, मेरा व्रत है."

"अभी बाहर पेढ़ा खाया आपने."

ते सुशीलकडं पाहायले लागले. मी गप्प बसली. ठरवलंच होतं, इथून पुढं एक शब्द बोलायचा नाही. रेडिओवर गप्प बसलं की लोक कान लावतात. कलावतीच्या बांगड्या सुद्धा वाजल्या नाहीत.

तेवढ्यात सुशील बोलला. साहेबांसमोर तो माझ्याशी कधी मराठी बोलत नाही. आज बोलला.

"आई, माइक चालू आहे नं?"

मले इतका राग आला. आता घाबरला, म्हटलं. "आहे," मी म्हटलं.

तो वाकला, माझ्या माइकच्या अगदी जवळ आला. लांब हात करून तो पलीकडचा काळा पापड उचलला अन् कडाडकन चावला.

पुढं मी काय केलं ते मले नीट आठवत नाही. खुर्ची पडली, एवढं आठवते. मी त्याच्या हातावर फाडकन मारली, पापड उडाला. "थुंक. थुंक आधी. विष आहे ते, मरायचं आहे का तुले? घरात लेकरू येऊन राहिलं अन् हे खाते. थुंक म्हणते नं." लहानपणी मातीचा गोळा तोंडात घालायचा तेव्हा धरायची तसा हात धरला मी त्याच्या तोंडासमोर. पस्तिशीचा घोडा, माझ्या तळव्यावर थुंकला.

साहेब कधी उठून गेले, पाहिलं नाही. मी काचेतून पाहिलं तर देवयानीचे दोन्ही हात मांडीवर होते अन् लाल दिवा लागलेलाच होता.

सगळ्या बेताचं वाटोळं केलं या पोट्ट्यानं. मी किती थंड डोक्यानं बसली होती. साहेबांचं नाही खाणं लोकांनी ऐकायचं होतं. त्याच्याऐवजी बीरगाव-भनपुरीभर माझं कोकलणं गेलं, ते पण मराठीत. साहेबाले वाचवायले मधात पडला अन् नोकरी पण घालवून बसला. संध्याकाळीच फोन आला त्याले, उद्यापासून येऊ नका. अन् हा गच्चीच्या पायरीवर बापासंगं बसून हसून राहिला. बापानं त्याच्या पाठीवर हात टाकला होता.

मी विचारलं, "तोच काळा काहून उचलला? समोर कमी काळे होते नं."

म्हणे, हाताशी तोच होता. धडधडीत खोटं. तो सगळ्यात लांब होता.

हे म्हणाले, "कुसुम, पोट्टा तुझ्यावरच गेला आहे." अशा वेळेले पण ह्यांले टोमणा सुचते. मी आत येऊन रडली.

देवयानीचे मात्र फोनवर फोन. स्टेशनचा फोन थांबतच नाही म्हणते. मी विचारलं, शिव्या देतात का? नाही म्हणाली. बाया विचारून राहिल्या, बेटे ने थूका कि नहीं. कोणी साहेबाचं विचारलं नाही, पापड कोणत्या गच्चीवरचे ते विचारलं नाही. मराठी कोणाले कळलं अन् कोणाले नाही, पण प्रत्येक बाई तेवढंच विचारून राहिली. मी म्हटलं, सांग सगळ्यांना, थुंकला म्हणून.

१४ मे

सकाळीच कंपनीची माणसं आली अन् नवा ट्रान्समीटर हारासकट घेऊन गेली. देवयानीनं कोणाकडून तरी जुना दुरुस्त करवून लावला. बीरगावपुरता चालते, भनपुरीले ऐकू येणार नाही. संस्थेचे मेंबर फोन करून राहिले होते, तिनं उचलला नाही. मी म्हटलं, पोरी, तुझी पण जाईल नोकरी. पहिल्यांदा मराठीत बोलली ती माझ्याशी. "जाऊ दे, काकू."

कलावती उशिरा आली. खुर्चीवर बसली अन् पदराचं टोक पिळत राहिली. मले वाटलं, नवऱ्याले कामावरून काढलं की काय. विचारलं तर नाही म्हणून मान हलवली.

मग म्हणाली, "दीदी, तैं अपन बेटा ला थूक कहे."

"हो, कहा."

"मैं त अपन लइका मन ला रोज इही खवाथंव."

काल स्वतःच्या पोरासाठी किंचाळली मी. त्याच ताटलीसमोर कलावती बसली होती, तिची पोरं तेच रोज खातात, अन् तिच्यासाठी मी पंधरा दिवस नुसते अंदाज देत होती. मेली मी.

मी तिच्या शेजारची खुर्ची सोडली अन् माइक तिच्याकडं वळवला. ती नाही नाही म्हणाली, तिले एकटीनं बोलायची सवय नाही. मी बाहेर जाऊन काचेच्या पलीकडं देवयानीजवळ बसली. रेकॉर्डिंग नाही, आधी ऐकणं नाही. देवयानीनं दिवा लावला.

कलावतीनं पदरानं तोंड पुसलं. नमस्कार नाही, नाव नाही.

"आज तालाबपारा म पापड़ झन डारव," म्हणाली. घालू नका म्हणजे. मग माइकजवळ सरकली अन् घरोघरच्या लेकरांचं बोलली. "अउ जउन मन घर म खावत हव, लइका मन ला कहव, थूक देव."